पासपोर्टची पाने मोजून ठेवा



गेल्या अंकात आडसाली लागणीसाठी बेणेमळ्यातलेच बेणे का घ्यावे, याबद्दल आम्ही लिहिले होते. या अंकात खोडव्यावर लिहावयाचे ठरले होते. परंतु मध्यंतरी गट ऑफिसात एक प्रसंग घडला आणि विषय बदलावा लागला. खोडवा पुढच्या अंकात घेऊ. तोवर पाचट तेवढे कृपा करून पेटवू नका.

झाले असे की, आमच्या पूर्व गटातील एक सभासद आपल्या मुलाला घेऊन ऑफिसात आले. मुलगा साखर तंत्रज्ञानाचा कोर्स झालेला, आपल्याच कारखान्यात दोन सीझन पॅनवर काम केलेला. त्याला आफ्रिकेतल्या केनिया देशातील एका कारखान्याचे बोलावणे आले आहे. पासपोर्टचा फॉर्म भरायचा होता. त्या फॉर्मात एक प्रश्न असतो, पुस्तक ३६ पानांचे पाहिजे की ६० पानांचे? मुलाने ३६ वर खूण केली होती. कारण ३६ पानांना १५०० रुपये फी आणि ६० पानांना २०००.

"पाचशे वाचत्यात की सायेब," सभासद म्हणाले. "आन् एवढी पानं घिऊन करायचं काय? पोरगं काय त्यात हिशेब लिवणार हाय?"

ऑफिसातली मंडळी हसली. आम्हाला हसू आले नाही. ५०० रुपये म्हणजे आज युरियाच्या ४५ किलोच्या दोन पोत्यांचेही पैसे होत नाहीत. पण हा हिशेब ज्याचा चुकला तो माणूस त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख.

जुन्या सभासदांना माहीत आहे की, या कारखान्यात येण्यापूर्वी आम्ही २००९ ते २०१५ अशी सहा वर्षे युगांडात एका साखर कारखान्याच्या ऊस विभागात नोकरीस होतो. कृषी पदविका झालेल्या मुलाला त्या काळी इथे मिळणारा पगार आणि तिथला पगार यांत बरेच अंतर होते. घरी विहिरीचे आणि पाइपलाइनचे कर्ज होते. सबब गेलो. तिथे महाराष्ट्रातले, उत्तर प्रदेशातले, तामिळनाडूतले पुष्कळ लोक भेटले. कोणी फिटर, कोणी पॅनमन, कोणी केमिस्ट. युगांडातला साखरधंदा मुळी आपल्याकडून गेलेल्या माणसांनीच उभा केलेला आहे. नानजी कालिदास मेहता यांनी १९२० च्या दशकात लुगाझीला आणि मुळजीभाई माधवानी यांनी १९३० च्या सुमारास जिंजाजवळ काकिरा येथे कारखाना काढला. दोघेही सौराष्ट्राचे. ऊससुद्धा आपलाच. कोइमतूरला तयार झालेली को ४२१ ही जात केनिया-युगांडाच्या रानात कित्येक वर्षे ठाण मांडून होती. पहिल्याच दिवशी प्लॉटच्या पाटीवर 'को' हे अक्षर वाचले तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसे वाटले.

आमचे काम बाहेरच्या शेतकऱ्यांच्या उसाचे. त्यांना शेअर नाही, सर्वसाधारण सभा नाही. कारखान्याशी करार करायचा आणि ऊस घालायचा. ऊस दीड-दीड वर्षाचा होतो आणि काणी रोग तिकडे फार. काणीला दाद न देणाऱ्या जातींच्या चाचण्या पाहण्यासाठी शेजारच्या केनियात किसुमूजवळ किबोस येथील ऊस संशोधन केंद्रावर जावे लागे. शिवाय युगांडाला समुद्र नाही. खते, औषधे, मशिनरीचे भाग बहुतेक केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतात आणि ट्रकने बुसिया किंवा मलाबा या नाक्यांवरून आत येतात. ट्रक नाक्यावर अडकला की मागे माणूस पाठवायचा. आमची मंडळी गावाकडे, आम्ही तिथे एकटे, तेव्हा बहुधा पाळी आमच्यावरच येई. वर्षाला चार फेऱ्या ठरलेल्याच.

बुसिया हे गाव सरहद्दीने मधोमध कापलेले आहे. दोन्ही बाजूंना माणसे एका भाषेची, सोयरीक इकडची तिकडे. ती सायकलवरून या देशातून त्या देशात मीठ-साबण आणायला जातात. सायकलवर माणूस वाहून नेणाऱ्याला तिकडे 'बोडाबोडा' म्हणतात. 'बॉर्डर टू बॉर्डर' असे ओरडत ते गिऱ्हाईक बोलवीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आता मोटारसायकलींनाही तेच नाव आहे. त्यांच्यामागे उसाचे पेंढके बांधलेला माणूस शीळ घालत सरहद्द ओलांडून जाई आणि आम्ही मात्र पासपोर्ट हातात धरून रांगेत उभे. एका देशाची रांग झाली की थोडे चालून दुसऱ्या देशाची रांग. २०१८ सालापासून तिथे दोन्ही देशांचे काम एका जागी होते, आमच्या वेळी ती सोय नव्हती.

आता एका फेरीचे गणित मांडून दाखवतो. युगांडा सोडल्याचा एक शिक्का, केनियात शिरल्याचा दुसरा, परतताना केनिया सोडल्याचा तिसरा आणि युगांडात आल्याचा चौथा. आम्ही परमिटवाले युगांडाचे, केनियात पाहुणे. म्हणून केनियाचा व्हिसा दर खेपेला नवा. तो कागद चिकटवला की बहुतेक पान गेलेच. राहिले शिक्के. मारणारा माणूस जपून मारील तर एका पानावर चार काय, सहासुद्धा बसतात. पण तो घाईत असतो, रांग दाराबाहेर गेलेली असते. पुस्तक उघडेल ते पान आणि पानाच्या मधोमध ठोका. आपल्याकडे नवखा मजूर सरीत कांडी टाकत जातो, कुठे वितीवर एक, कुठे तीन फुटांवर, तशातला प्रकार. मजुराला बांधावरून ओरडून सांगता येते. खिडकीतल्या साहेबाला कोण सांगणार?

त्यात युगांडाचे वर्क परमिट दोन-दोन वर्षांचे. प्रत्येक नव्या परमिटाला एक आख्खे पान. रजेवर घरी येताना-जाताना एन्टेब्बे विमानतळाचे दोन शिक्के आणि मुंबईचे दोन. चार वर्षांत केनियाच्या सोळा फेऱ्या, घरच्या चार रजा, तीन परमिटे. ३६ पानांतून माहितीची आणि शेऱ्यांची पाने वजा केली की शिक्क्यांना तीस-बत्तीस पाने उरतात. आमचा पासपोर्ट २००८ साली पुण्याहून काढलेला, दहा वर्षे मुदतीचा, म्हणजे २०१८ पर्यंत चालणारा. २०१३ साली पावसाळा संपता संपता तो भरला.

यात आमची चूक अशी की, आम्ही फक्त मुदत पाहत होतो. परदेशात जाताना पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, हे सगळे सांगतात आणि ते आम्हाला पाठ होते. मुदत तर पाच वर्षे पडली होती. पण मुदत राहून पाने संपू शकतात आणि पाने संपली की मुदतीला काही अर्थ राहत नाही, हे लक्षातच आले नाही. बहुतेक देश आत घेताना निदान एक, काही दोन कोरी पाने मागतात. दक्षिण आफ्रिका याबाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. कोरे पान नसेल तर काही वेळा विमान कंपनीच माणसाला काउंटरवरून परत फिरवते, कारण तिकडून परत पाठवला तर आणण्याचा भुर्दंड तिच्यावर पडतो.

सप्टेंबरात बुसियाला केनियाच्या बाजूला एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी पुस्तक पुढून मागे चाळले, मागून पुढे चाळले आणि आमच्याकडे पाहिले. "मारू कुठे?" आम्ही एक अर्धे पान दाखवले. तिथे व्हिसा चिकटवला आणि शिक्का जुन्या शिक्क्याच्या कडेवर बसवला. वर म्हणाल्या, पुढच्या खेपेला परत पाठवीन. त्यांचे काही चुकले नाही.

परत आल्याबरोबर कंपालाला आपल्या वकिलातीत नव्या पासपोर्टाचा अर्ज दिला. नवे पुस्तक हवे तर जुने जमा करावे लागले. मूळ पासपोर्ट जिथून निघाला तिथून खातरजमा होऊन यायची होती, पाच-सहा आठवडे लागतील असे सांगितले. पावती घेऊन आलो. खिशात पावती आणि परमिटाची झेरॉक्स, बाकी काही नाही.

त्या सुमारास एक गंमत झाली. आमच्या वसाहतीजवळच्या शाळेत एक अमेरिकन मास्तर होता. त्याचीही पाने संपली होती. तो आपल्या वकिलातीत गेला, ८२ डॉलर भरले आणि त्याच पुस्तकात २४ जादा पाने बसवून घेऊन आला. आम्ही ते पुस्तक हातात घेऊन पाहिले, मधला जोड दिसत होता. मनात म्हटले, आपल्याला का नाही? आपल्या पासपोर्टाला आज अशी जोडपाने मिळत नाहीत, पाने संपली की नवीनच पुस्तक, नवीनच नंबर. अमेरिकेनेही ती सोय २०१६ च्या जानेवारीपासून बंद केली.

घरी फोन करून आण्णांना सांगितले की, पासपोर्टची पाने संपलीत, दिवाळीला यायला जमेलसे दिसत नाही. आण्णा या कारखान्याचे स्थापनेपासूनचे सभासद. त्यांना पासपोर्ट आणि पासबुक हे दोन शब्द एकच वाटत. म्हणाले, "भरलं तर भरलं. सोसायटीत दुसरं देत्यात की लगेच. सेक्रेटरीला सांग, मागची शिल्लक पुढं ओढ म्हणावं." आम्ही हो म्हणालो.

दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. आण्णांना रात्री अर्धांगाचा झटका आला होता, मिरजेला हलवले होते. उजवी बाजू गेलेली, शब्द फुटत नव्हता. फोन कानाला लावला की डोळे हलवतात, असे भाऊ सांगे. रोज संध्याकाळी तो फोन कानाला लावी आणि आम्ही इकडून बोलत असू. काय बोलणार? ऊस किती कांड्यांवर आला, पाऊस थांबला का, तिकडचे रान कसे तांबडे आहे. आठ मिनिटे, दहा मिनिटे.

या दिवसांत आम्ही दोनदा कंपालाला जाऊन आलो. खिडकीवर विचारले, "पासपोर्ट कधी मिळेल?" उत्तर आले, "आला की फोन करू." दुसऱ्या वेळी पुन्हा तेच विचारले आणि तेच उत्तर घेऊन बसने परत आलो. वडील दवाखान्यात आहेत, हे सांगितले नाही. का सांगितले नाही, हे पुष्कळांनी नंतर विचारले. साहेबाच्या टेबलापुढे घरची अडचण काढायची नाही, अशी आपल्याला एक सवय असते. आमच्याकडेही सभासद येतात, तासभर पाण्याच्या पाळीबद्दल बोलतात आणि चप्पल पायात घालता घालता हळूच म्हणतात की, मुलीचं लग्न धरलंय, तोड जरा अगोदर मिळाली तर बरं. मुख्य काम तेच असते. तसेच आमचे झाले. फरक इतकाच की चप्पल घालतानाही आम्ही बोललो नाही.

नवव्या दिवशी आण्णा गेले. अग्नी भावाने दिला. आम्ही तिथे वसाहतीतल्या न्हाव्याकडून केस उतरवून घेतले.

त्यानंतर आठवड्याने वकिलातीतून फोन आला. पासपोर्ट घ्यायला गेलो तर खिडकीवरचे गृहस्थ तेच होते. त्यांनी आमच्या डोक्याकडे पाहिले आणि विचारले. सांगितले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. "अहो, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? मी आत साहेबांकडे नेलं असतं. घरी जाण्यापुरता कागद करून दिला असता."

तो कागद म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट. परदेशात असलेल्या भारतीय माणसाजवळ चालू पासपोर्ट नसेल, हरवला असेल, खराब झाला असेल आणि त्याला घरी परतणे भाग असेल, तर आपली वकिलात हा कागद देते. एकतर्फी असतो. त्यावर भारतात येता येते, परत जाता येत नाही. परत जायला पासपोर्टच लागतो. म्हणजे आम्ही तो घेतला असता तर नव्या पासपोर्टासाठी इथे थांबावे लागले असते, तिकडचे परमिट लटकले असते, नोकरीही कदाचित गेली असती. तेव्हा डोक्यावर कर्ज होते. तरीही आम्ही काय केले असते हे आम्हाला ठाऊक आहे. पण असा कागद असतो हेच माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते त्यांना आमची अडचण माहीत नव्हती.

घरी पोहोचलो तो दहाव्याचा दिवस. नदीवरचे सगळे उरकून मंडळी परतत होती, ती फाट्यावर भेटली. असो.

आता कामाचे बोलू. ज्यांची मुले आफ्रिकेत, आखातात, बोटीवर किंवा आणखी कुठे नोकरीला निघाली आहेत, त्यांनी फॉर्म भरतानाच ६० पानांचे पुस्तक मागावे. मुदत दोन्हीची सारखीच, दहा वर्षे. जादा पैसे फक्त ५००. पुढे परदेशात नवीन पुस्तक करायची वेळ आली की फी वेगळी, आणि जाण्या-येण्यात पगाराचे दिवस मोडतात ते वेगळेच. ज्याला एकदा जाऊन दोन वर्षांनी यायचे आहे, एकाच देशात राहायचे आहे, त्याला ३६ पाने पुरतात हेही खरे. सरहद्दीवरच्या कारखान्यात, ट्रकबरोबर, साइटवर साइट बदलत काम करणाऱ्याला पुरत नाहीत.

पूर्वीइतके शिक्के आता राहिले नाहीत, असे परवा एका शिकलेल्या मुलाने आम्हाला सुनावले. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. दुबईकडे, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, रहिवासाचा कागद पासपोर्टावर चिकटवणे २०२२ साली बंद झाले, ओळखपत्रावरच भागते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला आणि अगोदर संगणकावर परवानगी घ्यायची पद्धत आणली. म्हणजे आमची ती सोळा पाने आज वाचली असती. युरोपातल्या बऱ्याच देशांनीही ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. पण ज्या नाक्यावर अजून शिक्का आहे तिथे शिक्काच आहे, आणि तिथल्या खिडकीत युरोपचे उदाहरण देऊन उपयोग नाही.

पाने वाचवायची एक युक्ती आम्हाला तिथल्या एका गुजराती दुकानदाराने शिकवली, पण पुस्तक भरल्यानंतर. वयस्कर गृहस्थ होते. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा हे तरुण होते, सगळे सोडून गेले आणि वीसेक वर्षांनी परत येऊन त्याच गल्लीत दुकान मांडले. कागदपत्रांच्या बाबतीत त्या माणसाइतका सावध माणूस आम्ही पाहिला नाही. त्यांच्या पासपोर्टाची शेवटची चार पाने कायम साध्या टाचणक्लिपेने एकत्र धरलेली असत, आणि जे पान अर्धे भरले आहे त्यात कागदाची खूण. खिडकीवर पुस्तक देतानाच खुणेचे पान उघडून द्यायचे आणि नम्रपणे म्हणायचे, साहेब, इथे जागा आहे. दहांतले आठ साहेब ऐकतात. ऐकला नाही तर वाद घालायचा नाही. विमानतळावर क्लिप काढून घ्यायला सांगितली तर काढायची. मात्र पासपोर्टावर स्वतः पेनने काही लिहायचे नाही, पान फाडायचे नाही, डाग पडला तरी खोडायचे नाही. तसे केलेला पासपोर्ट खराब म्हणून बाद होऊ शकतो.

पाच-सहा पाने उरली की नव्या पुस्तकाची तयारी करावी. मुदत किती आहे ते पाहत बसू नये. फॉर्मात पासपोर्ट पुन्हा काढण्याच्या कारणांत 'पाने संपली' हे कारण दिलेलेच असते. शक्यतो रजेवर घरी आल्यावर इथेच अर्ज करावा. आमच्या वेळी पुण्याला खेपा घालाव्या लागल्या, २०१७ पासून टपाल कचेऱ्यांतूनही पासपोर्ट केंद्रे निघाली आहेत. अगदी घाई असेल तर तत्काळ आहे, त्याला २००० रुपये जादा. पण रजा महिन्याची असेल तर अर्ज पहिल्या आठवड्यात द्यावा. पाहुण्यांच्या जत्रा-लग्नांत तीन आठवडे घालवून चौथ्या आठवड्यात आमच्याकडे पळत येणारे दोघे-तिघे दरवर्षी असतात.

नवे पुस्तक मिळाले की जुने टाकून देऊ नये. त्याचा कोपरा कापून आणि रद्द असा शिक्का मारून ते परत देतात. त्यात मुदत राहिलेला व्हिसा किंवा परमिट असेल तर दोन्ही पुस्तके बरोबर ठेवावी लागतात. पासपोर्टचा नंबर बदललेला असतो, म्हणून कंपनीला, तिथल्या परमिट ऑफिसला आणि बँकेला नवा नंबर कळवावा. आमचे परमिट नव्या पुस्तकावर चढवून घ्यायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस सरहद्द ओलांडता आली नाही. ट्रकमागे दुसरा माणूस गेला.

घरच्यांनीही एक करावे. मुलगा ज्या देशात आहे तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर आणि मुलाच्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स घरी, सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवावी. घरी काही बरे-वाईट झाले तर मुलाला फोनवर नुसते "ये" म्हणू नये. पासपोर्ट कुठे आहे, कोरी पाने किती आहेत, हे त्याला विचारावे. तो जवळ नसेल तर वकिलातीत जाऊन कारणासकट सांग, असे बजावावे. कारणासकट.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे, ही कोरी पुस्तके आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. आता आत चिप बसवलेला ई-पासपोर्टही मिळू लागला आहे. चिप आली म्हणून पाने वाढत नाहीत, ती फॉर्मात मागावीच लागतात.

त्या सभासदांना आम्ही यातले निम्मेच सांगितले. मुलाने खूण बदलून ६० वर केली. सभासदांनी कनवटीची पिशवी सोडली, पाचशेची नोट काढली आणि म्हणाले, "आण्णांच्या वेळी आमी मिरजंला आलो हुतो. तुमी दिसला न्हाई, तवा वाटलं पोरगं तिकडंच रमलं." आम्ही नोट मुलाच्या हातात दिली आणि फी संगणकावर कशी भरायची ते दाखवले.

ज्यांना फॉर्म भरताना अडचण येईल त्यांनी सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी ११ ते १ या वेळेत शेतकी ऑफिसात यावे. येताना मुलाचा दहावीचा दाखला, आधार कार्ड आणि जुना पासपोर्ट असल्यास तो आणावा. लागणीच्या नोंदीचे काम त्याच वेळी चालू असते, तेव्हा थोडे थांबावे लागेल.